राखणीचा ससा

आठ दिवसांत ससा चंदरला तीन वेळा चावला आणि त्यातलं एकदाही चंदरने मनोज साहेबाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? जनावर राखणीला घेतलं की त्याच्या दातांची जबाबदारी राखणाऱ्याची. पेठकडच्या डोंगरात हे कोणी शिकवत नाही, पोरांना आपोआप कळतं. दुसऱ्याची गाय तुमच्याकडे राखणीला असली आणि तिने कोणाच्या नागलीच्या पिकात तोंड घातलं, तर शिव्या तुम्ही खायच्या. मालक घरात घोरत असतो.

चंदर भोये सातपूरच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, बटणं दाबायची, धाडकन ठोका पडतो, गाडीच्या सीटखालची पट्टी तयार. पाळीला अडीच हजार ठोके. सहा वर्षं तो ठेकेदाराच्या नावावर राबत होता. दर सात महिन्यांनी ‘ब्रेक’. म्हणजे आठ दिवस घरी बसायचं आणि मग जन्मात कधी हा कारखाना पाहिला नाही असं तोंड करून पुन्हा आत यायचं. यंदा मात्र साहेबाने सांगितलं होतं, दोघांना कायम करायचंय, त्यातला एक तू. पत्र टाईप झालंय, फक्त सही राहिलीय.

राहिलेल्या सहीच्या जोरावर माणसाकडून काय वाट्टेल ते करून घेता येतं. ससा सांभाळणं तर किरकोळ.

हा मनोज देवरे कारखान्याचा प्रॉडक्शन मॅनेजर. मूळचा देवळ्याचा, बापाने कांदा लावून शिकवलेला, आता गंगापूर रोडला फ्लॅट. मुलगी चैताली दुसरीत. तिच्या वाढदिवसाला पांढरा ससा आणला आणि दोन महिन्यांत तो घरातल्या सगळ्यांना चावायला लागला. एक दिवस साहेबाने चंदरला केबिनमध्ये बोलावलं.

“काय रे, तुम्हा लोकांना सशांचं कळतं ना?”

“कळतं म्हणजे साहेब... आम्ही खातो.”

केबिनमधले सगळे हसले. साहेबही हसला.

“खाऊ नको बाबा! चैतालीला सांगितलंय, ससा चंदरकाकांच्या शाळेत गेलाय, न चावायचं शिकायला. दर रविवारी व्हिडिओ कॉल करेल ती. जिवंत दिसला पाहिजे.”

“किती दिवस ठेवायचा साहेब?”

“सुधरेपर्यंत.”

मोटरसायकलच्या मागे पिंजरा बांधून चंदर श्रमिकनगरच्या आपल्या खोलीवर आला. एक खोली, मागे मोरी, त्यात तो, बायको आशा आणि आई झुंबरबाई. म्हातारीने पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली.

“चांगला भरलाय की. मसाला वाटू का?”

“आय, साहेबाचा हाय तो.”

“मग साहेबालाबी बोलव जेवायला.”

पहिल्याच संध्याकाळी पाण्याची वाटी ठेवायला चंदरने पिंजऱ्यात हात घातला आणि सशाने अंगठा धरला. डोंगरातला ससा असा नसतो. फाशात सापडला तर लहान लेकरासारखा ओरडतो, हातात घेतला तर कधीकधी भीतीनेच मरतो. हे पांढरं, लाल डोळ्यांचं, दुकानातलं जनावर मात्र मरायला तयार नव्हतं. ते हातावर चालून यायचं. आशाने नवऱ्याला ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला लावलं, कागदावर लिहून मिळालं: उजवा हात, सशाचा चावा. चंदरने तो कागद घडी घालून पाकिटात ठेवला. कागद टाकून द्यायचा नसतो, एवढं सहा वर्षांच्या ठेकेदारीने त्याला शिकवलं होतं.

चावा तिसऱ्यांदा झाला तेव्हा आशा म्हणाली, “तू हात घालूच नको. मी बघते.”

“काय बघणार?”

“का चावतो ते.”

आशा दुपारी चार घरची भांडी करून यायची. आली की भिंतीला पाठ लावून पिंजऱ्यापाशी नुसती बसायची. चार दिवस तिने काही केलं नाही, फक्त पाहिलं. पाचव्या दिवशी तिने जेवताना सांगितलं, “त्याला नाकापुढचं दिसत नाही. डोळे बाजूला हायेत ना. समोरनं हात आला की त्याला एकदम काहीतरी अंगावर आल्यासारखं वाटतं. आणि वरनं आला की तो आधी डोकं खाली घालतो, मग चावतो. याला कोणीतरी नाकावर मारलंय.”

चंदरला आठवलं. साहेबच सांगत होता, चावला की नाकावर फूटपट्टी मारायचो, शिस्त लागावी म्हणून. दोन महिने मारली.

“म्हणजे शिकवून ठेवलंय,” आशा म्हणाली. “हात म्हणजे मार, हे नीट शिकलाय तो. हुशार हाय.”

मग तिने पिंजऱ्याचं दार उघडं टाकायला सुरुवात केली. आत हात घालायचा नाही. तो बाहेर आला तर आला. बाहेर मेथीच्या काड्या, कोथिंबिरीचे देठ, वाळकं गवत. हात फरशीवर उपडा, बाजूला, गप्प. पहिले दोन दिवस ससा दारात बसून पाय आपटायचा. मग एकदा बाहेर आला, तिच्या बोटांचा वास घेतला आणि पळाला. पंधराव्या दिवशी तो तिच्या मांडीला टेकून बसला, आणि तिने बाजूने हात नेऊन कानामागे खाजवलं तेव्हा त्याने दात कटकट वाजवत डोळे मिटून घेतले. झुंबरबाई खाटेवरून बघत होती.

“ह्याला आता कोण कापणार गं,” म्हातारी नाराजीने म्हणाली.

रविवारी फोनवर चैतालीने तो बघितला आणि टाळ्या वाजवल्या. मागून साहेबाचा आवाज आला, “व्वा चंदर! तुझं काम पक्कं.” चंदरला वाटलं, झालं. सही होणार.

त्याच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी अकराला, प्रेसने चंदरची दोन बोटं घेतली.

हे कसं होतं ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. प्रेसला दोन बटणं असतात, डाव्या हाताला एक, उजव्या हाताला एक. दोन्ही एकदम दाबली तरच ठोका पडतो. म्हणजे ठोका पडताना दोन्ही हात बाहेर असतात. हे माणसाचे हात वाचावेत म्हणून केलेलं आहे. पण दोन्ही हात बटणावर असले तर पत्रा कोण सरकवणार? अडीच हजार ठोके होतात कसे? तर एक बटण पुठ्ठ्याची घडी ठेवून चिकटपट्टीने दाबून टाकायचं. मग एक हात बटणावर, एक हात साच्यात. साहेबाने कधी कोणाला ‘पट्टी लाव’ असं तोंडाने सांगितलं नाही. तो एवढंच म्हणायचा, “माल कमी पडतोय, बघा काहीतरी.” सकाळी पाळी सुरू झाली की जो तो आपल्या प्रेसला पट्टी लावायचा, आणि ऑडिटवाले यायचे त्या दिवशी काढायचा. चंदरही लावायचा. त्या मंगळवारी प्रेसने एक ठोका मारला आणि कोणी न दाबता लगेच दुसरा मारला. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, मधल्या पेरापासून, सरळ रेषेत.

शेजारच्या प्रेसवरचा सोमनाथ ओरडला. कोणीतरी मेन बंद केला. मनोज साहेब धावत आला, आणि त्याने पहिल्यांदा पाहिलं ते चंदरच्या हाताकडे नाही. त्याने गेटच्या दिशेला पाहिलं. गेटवर एक फळा होता, अपघाताशिवाय गेलेले दिवस, वॉचमन रोज आकडा बदलायचा. त्या दिवशी तिथे तीनशे एक्केचाळीस होते. मोठ्या गाडीवाल्या कंपनीची माणसं पुढच्याच आठवड्यात यायची होती. वर्ष स्वच्छ गेलं तर काम दुप्पट.

साहेबाने स्वतःच्या गाडीत चंदरला घातलं. सीटवर आधी प्लॅस्टिक अंथरलं, मग चंदरला बसवलं.

“चंदर, ऐक. पट्टी तू लावली होतीस.”

चंदर हात छातीशी धरून बसला. त्याने हाताभोवती बनियन गुंडाळला होता.

“अपघात म्हणून लिहिलं तर पहिला प्रश्न तोच. बटण कोणी बांधलं? तू. दोष कोणाचा? तुझा. मग मी काही करू शकत नाही. कायमचं पत्र तर विसरच. पण तुझ्याकडे ससा आहे. चावतो. दवाखान्याचा कागदपण आहे ना तुझ्याकडे? याच हाताचा?”

“आहे.”

“मग झालं तर. ससा चावला. घरी. डॉक्टर आपल्या ओळखीचे आहेत. महिनाभर पगारी घरी बस, पुढच्या महिन्यात पत्र घे. बघ काहीतरी.”

चंदरच्या कानात नुसता घूं आवाज होता. त्यात त्याला एकच गोष्ट नीट कळली: पट्टी त्याने लावली होती. ते खरंच होतं. आणि ससा त्याच्या राखणीला होता, हेही खरंच होतं. दोन खऱ्यांच्या मधे साहेबाने एक खोटं बसवलं आणि ते फिट बसलं.

खासगी दवाखान्यात डॉक्टरने बनियन सोडला. कारखान्यांच्या वसाहतीला लागून वीस वर्षं दवाखाना चालवलेला माणूस. त्याने हाताकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं.

“काय झालं?”

“ससा चावला,” चंदर म्हणाला.

“ससा.” डॉक्टरने पेन उघडलं. “मोठा असेल.”

आणि लिहिलं. पाळीव प्राण्याचा चावा. एवढं शिकलेला माणूस, भिंतीवर चार प्रमाणपत्रं लावलेली, त्याने ते सुबक अक्षरात लिहिलं.

महिना गेला. पत्र आलं नाही. चंदर कामावर गेला तर प्रेसवर दुसरा होता. दोन बोटं नसलेल्या हातात पत्रा धरवत नव्हता. त्याला झाडू दिला. वीस दिवसांनी ठेकेदाराचा माणूस म्हणाला, ब्रेक घे. किती दिवस, ते सांगितलं नाही. चंदर साहेबाला फोन लावायचा, साहेब मीटिंगमध्ये असायचा. रविवारचे व्हिडिओ कॉलही बंद झाले. चैतालीला आता मासे आणले होते.

चंदर दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. रात्री नसलेली बोटं दुखायची. एकदा सोमनाथ भेटायला आला, चहा अर्धा ठेवून आशाला म्हणाला, “वहिनी, याच्याआधी तिघांची बोटं गेली. एकाला कुत्रा चावला. एकाच्या हातावर घराचं दार लागलं. एकाने गावी विळ्याने कापून घेतलं. फळ्यावरचा आकडा काय शून्यावर आला नाही.”

“मग तू सांगशील हे? साहेबासमोर?”

सोमनाथने चप्पल घातली. “माझंपण नाव हाय ना वहिनी, कायम करायच्या त्या दोघांत.”

दुसऱ्या दिवशी आशा भांडी आटोपून एकटीच कामगार खात्याच्या ऑफिसात गेली. चंदरला सांगितलं नाही. तिथे झाडाखाली अर्ज लिहून देणारा बसतो, त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला आणि खाली सही केली. चार दिवसांनी मनोज साहेब खोलीवर आला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

दारातच बूट न काढता उभा राहिला. मग काढले.

“चंदर, अर्ज कोणी दिला?”

चंदरने आशाकडे पाहिलं. त्याला तेव्हाच कळलं.

“मी दिला,” आशा म्हणाली.

“बरं. उद्या कारखान्यात इन्स्पेक्टर येतोय. तुला बोलावतील चंदर. तू तेच सांगायचं जे डॉक्टरांना सांगितलंस. आणि हा...” साहेबाने पिंजऱ्याकडे बोट केलं. दार उघडं होतं, ससा आत गवतावर पसरला होता. “हा इथे असा मांडीवर बसतो हे कोणी बघितलं तर? याला आजच संपव. विचारलं तर सांग, लई चावायचा म्हणून मारला. मी पत्र घेऊन आलोय. खरंच. बघ.” त्याने पिशवीतून पाकीट काढून दाखवलं. पाकिटावर कारखान्याचा शिक्का होता.

चंदर उठून बसला. बऱ्याच दिवसांनी तो सरळ बसला.

“साहेब, राखणीचं जनावर राखणाऱ्यानं मारायचं नसतं.”

“काय?”

“मालकानं मारावं. आमच्यात तसंच असतं. मारायचं तर तुम्ही मारा.”

“अरे, तू म्हणालास ना, तुम्ही खाता!”

“स्वतः धरलेलं खातो.”

झुंबरबाईने खाटेवरून विचारलं, “काय म्हनतोय रं तो?”

“ससा मारायचा म्हणतोय.”

“मग मार म्हना की. हात हायेत त्याला धड.”

साहेबाचा चेहरा लाल झाला. त्याला वेळ नव्हता, त्याला संध्याकाळी उद्याच्या तपासणीच्या फायली लावायच्या होत्या, आणि एका खोलीतली तीन माणसं त्याच्याकडे बघत होती. तो वाकला आणि समोरून, वरून, सरळ पिंजऱ्यात हात घातला.

सशाने डोकं खाली घातलं. आशा “नको!” म्हणेपर्यंत उशीर झाला होता. साहेब किंचाळला आणि हात झटकला. ससा बोटाला लोंबकळत बाहेर आला, साहेबाने जोराने हात मोरीच्या कट्ट्यावर आपटला, आणि ससा कडप्प्याच्या धारेवर आदळून खाली पडला. पुढच्या दोन पायांनी फरशीवर सरकायला लागला. मागचे पाय नुसते ओढले जात होते.

“कंबर मोडली,” झुंबरबाई म्हणाली. खाटेवरून उतरली, सशाला उचललं, आणि मानेच्या एका पिळ्यात त्याचा जीव सोडवला. मग त्याला पदरात घेऊन तशीच खाली बसून राहिली.

साहेब बोट धरून उभा होता. आशाने तांब्यात पाणी घेतलं, त्याचा हात मोरीवर धरून धुतला, हळद दाबली. चंदर जवळ आला. त्याने साहेबाचं मनगट धरलं आणि आपला उजवा हात त्या हाताशेजारी धरला. एका हाताच्या बोटावर दोन बारीक भोकं, त्यांतून थोडंसं रक्त. दुसऱ्या हाताला दोन थोटकं, एका रेषेत.

“साहेब,” चंदर म्हणाला, “ससा चावला की एवढं होतं.”

साहेबाने हात सोडवून घेतला. बूट घातले. पाकीट पिशवीत टाकलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये इन्स्पेक्टर होता. पन्नाशीचा, बारीक, चष्मा दोरीला बांधलेला. समोर डॉक्टरचा कागद, आशाचा अर्ज. मनोज साहेब बाजूच्या खुर्चीत, तर्जनीला पट्टी.

“भोये, इथे लिहिलंय ससा चावला. अर्जात लिहिलंय प्रेस. खरं काय?”

“प्रेस.”

“मग तेव्हा ससा का म्हणालात?”

“कायम करतो म्हणाले.”

“बटण बांधलेलं होतं?”

गेले दोन महिने चंदर याच प्रश्नाला घाबरत होता, यानेच भिंतीकडे तोंड करून पडत होता.

“होतं. मीच बांधलं होतं.”

मनोज साहेबाने श्वास सोडला. तो सगळ्यांना ऐकू गेला.

“पण रोज बांधतो साहेब. मी एकटाच नाही. पाच प्रेस हायेत, पाचही. त्याशिवाय तेवढा माल निघतच नाही. चला, दाखवतो.”

इन्स्पेक्टर उठला. साहेब म्हणाला, चहा येतोय. इन्स्पेक्टर म्हणाला, नंतर. खाली पाचही प्रेस चालू होते, पण सावकाश, माणसं दोन्ही हात बटणांवर ठेवून, शाळेतल्या पोरांसारखी. पट्ट्या नव्हत्या. बटणांवरचा चिकटपट्टीचा गोंद थिनरने पुसलेला होता, अजून वास येत होता. इन्स्पेक्टरने प्रेस बंद करायला लावले आणि एकेकाला विचारलं. पहिला म्हणाला नाही. दुसरा, तिसरा तेच म्हणाले. चौथा सोमनाथ.

“बटण कधी बांधता?”

“नाही साहेब,” सोमनाथ प्रेसच्या पायाकडे बघत म्हणाला. “कधीच नाही.”

चंदरला राग आला नाही. आशा असती तर त्याच्या तोंडावर थुंकली असती. पण चंदरला माहीत होतं सोमनाथच्या छातीत आत्ता काय चाललंय. डॉक्टरच्या टेबलासमोर त्याच्या स्वतःच्या छातीत तेच चाललं होतं.

इन्स्पेक्टरने चष्मा काढला. “भोये, मला थिनरचा वास येतो. पण वास काही साक्ष देत नाही. तुमच्याकडे काहीच नाही. तुमचाच कागद तुमच्या विरुद्ध आहे, आणि वर तुम्ही कबूल करताय बटण तुम्ही बांधलं. हे लिहिलं तर इथे परत पाय ठेवता येणार नाही तुम्हाला. लिहू?”

“लिहा.”

“सगळं?”

“आधी ते लिहा, की मी खोटं बोललो. मग बाकीचं.”

इन्स्पेक्टरने प्रेसच्या टेबलावरच कागद ठेवून लिहिलं, पानभर, आणि पेन पुढे केलं. उजव्या हातात पेन धरवेना. चंदरने ते डाव्या हातात घेतलं. डाव्या हाताने त्याने जन्मात अक्षर काढलं नव्हतं. अंगठा चालेल, असं इन्स्पेक्टर म्हणाला. चंदर म्हणाला, नको, मला येतं लिहायला.

साहेब घड्याळ बघत उभा होता. सोमनाथ आणि बाकीचे आपापल्या प्रेसपाशी हात खाली सोडून उभे. चंदरने जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढलं, वाकडं, मोठं, रेघेच्या बाहेर जाणारं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. चंदर मोतीराम भोये. चार मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ पाचही प्रेस बंद होते.